माइकवाल्याचा चेहरा

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कार्यालयात महिन्याचं हजेरीपत्रक तपासत होते. बाबांचा फोन दुपारी येत नाही. अकोल्याहून त्यांचा फोन येतो तो सकाळी सातला, पहिला चहा झाल्यावर, आणि तीन मिनिटांत संपतो. म्हणून पहिल्याच घंटीला उचलला.

“बाई, कामात हायेस काय?”

“बोला बाबा, काय झालं?”

“काई नाई वो. पोलीस स्टेशनात जाऊन आलो. मजा आली.”

पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस पोलीस स्टेशनातून येऊन मजा आली म्हणतो, तेव्हा मुलीने हातातला पेन खाली ठेवायचा असतो. मी ठेवला आणि म्हटलं, पहिल्यापासून सांगा.

पण आधी बाबांचा धंदा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा माइकवाले. माझ्या जन्माआधी ते सायकलच्या कॅरिअरला ॲम्प्लिफायर बांधून आणि हँडलला दोन भोंगे अडकवून निघायचे. आता मोठे बॉक्स आले, मिक्सर आला, सामान न्यायला चारचाकी आली. दुकानाच्या पाटीवर साउंड सर्व्हिस असं लिहिलं आहे, पण वस्तीत सगळे अजून माइकवाले बाबाच म्हणतात. लग्न, बारसं, जयंती, उरूस, गणपती, सभा, मोर्चा, उपोषण, निषेध आणि त्या निषेधाचा निषेध. ज्याने बोलावलं त्याच्याकडे जायचं. नियम फक्त तीन. माइकवाल्यानं ‘हॅलो, एक, दोन, तीन’ यापलीकडे माइकमध्ये बोलायचं नाही. माइकवाल्यानं टाळी वाजवायची नाही. आणि वेळ ठरली असेल तर ती संपताच आवाज खाली, मग समोर मोठा पुढारी असो की गल्लीतला कवी.

मी याद्या करायला शिकले ती याच धंद्यात. शाळेत होते तेव्हा सामान निघताना आणि परत आल्यावर मोजायचं काम माझ्याकडे होतं. वायरची भेंडोळी, पिना, फ्यूज, चिकटपट्टी, पेचकस, जास्तीचा माइक. एकदा जास्तीचा माइक कुणाच्या तरी मांडवात राहिला, तेव्हा मी वहीत ‘परत’ असा एक रकाना वाढवला. त्यानंतर काही राहिलं नाही. आज अमरावतीच्या एका कॉलेजात मी कार्यालय अधीक्षक आहे, कपाटभर रजिस्टरं माझ्या देखरेखीखाली आहेत आणि त्यांतलं कुठलंही मी अर्ध्या मिनिटात काढून देते.

तर बाबा सांगत होते.

“हवालदार सभ्य होता. खुर्ची देली, चहा देला. मंग कॉम्प्युटरवर माये फोटो दाखवले. एक नाई, गंज! चौकाचौकात ते नवे कॅमेरे नाई का लागले, चेहरा वळखणारे? त्याईनं काढले. काय साफ आले वो! आधार कार्डावर मी चोरावानी दिसतो. याच्यात माणसासारखा आलो.”

“विचारलं काय त्यांनी?”

“इचारलं, काका, हे तुमीच का? म्हटलं, हाव. कापसाच्या मोर्चात? हाव. ईदच्या जुलुसात? हाव. अंगणवाडीच्या बायाईच्या धरण्यात? हाव. मंग म्याच म्हटलं, साहेब, हे तं कमी हाय. त्याच दिवशी दुपारून मी व्यापाऱ्याईच्या बंदच्या सभेत होतो, त्याचा फोटो काहून नाई? आन् विसर्जनाले पयल्या चौकापासून शेवटच्या चौकापावतर होतो, तुमच्यापाशी एकच फोटो?”

“आणि मग?”

“मंग काय, त्यानं सारं लिहून घेतलं. मले वाटलं पन्नास वर्सं झाली धंद्याले, सत्कार-बित्कार करतात का काय.”

मी डोळे मिटून घेतले. बाबांनी स्वतःविरुद्धचा तपास स्वतःच पुरा करून दिला होता, तोही चहा पीत. त्यांना तसं म्हटलं नाही. “बरं, पुन्हा बोलावलं तर आधी मला फोन करा,” एवढंच म्हटलं आणि हजेरीपत्रक पुढे ओढलं. माझंही चुकलं ते इथे. त्याच दिवशी जायला हवं होतं.

आठवड्यानं चाचांचा फोन आला. चाचा म्हणजे बाबांचे दोस्त आणि धंद्यातले अर्धे. दुकान एकच, अर्ध्यात बाबांचे भोंगे, अर्ध्यात चाचांचं सोल्डरिंगचं टेबल. रेडिओपासून मिक्सरपर्यंत काहीही उघडून पुन्हा बोलतं करणारे कारागीर. इतक्या वर्षांत चाचा दुकान सोडून एकाही कार्यक्रमाला गेले नाहीत. मशीन बिघडली तर ती घेऊन येणाऱ्याला दुकानात माणूस दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

“बेटा, तुझा बाप बोलून नाई राहिला,” चाचा म्हणाले. “सकाळपासून एकच वायर गुंडाळून राहिला, सोडून राहिला, अजून गुंडाळून राहिला. तू ये.”

झालं होतं ते असं. चौदा एप्रिल दोन-अडीच आठवड्यांवर आली होती. वस्तीतल्या चौकात जयंतीच्या सकाळच्या वंदनेपासून मिरवणूक निघेपर्यंत माइक बाबांचा असतो. धंदा सुरू केला त्या वर्षापासून आजवर एकही जयंती चुकली नाही. एका वर्षी टायफॉइड होता, तरी गळ्याला मफलर गुंडाळून मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले होते. या वेळी मंडळाचे कार्यकर्ते लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज घेऊन पोलीस स्टेशनात गेले. संच कोणाचा, हे अर्जात लिहावं लागतं. बाबांचं नाव वाचून तिथे सांगितलं, दुसरा पाहा. का? यादीत आहे. कसल्या यादीत? वरून आली आहे. कार्यकर्ते दुकानात आले, मान खाली घालून उभे राहिले आणि हे सांगून गेले.

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि मूर्तिजापूरवरून जाणारी पहिली एसटी पकडली. दुकानात पोचले तेव्हा चाचांनी बाबांना बोलतं केलेलं होतं. त्यांची पद्धत टोमण्यांची.

“जिंदगीभर समजत होतो, असं बोलावणं आलं तं पयले मले येईन,” चाचा मला म्हणाले. “आन् आलं कोनाले? याले!”

“तू दुकानातून हालत नाई, तुले पाह्यन कोन?” बाबा म्हणाले.

“म्हून तं शरीफ हाय मी. तू फिरला, तू फसला.”

दोघे हसले. मीही हसले. पण चाचांच्या पहिल्या वाक्यातलं अर्धं हसण्यासारखं नव्हतं, ते तिघांनाही कळलं होतं. चाचांनी टेबलावरचा दिवा उगाच पुसला.

बाबा मग हळू म्हणाले, “दुसरा संच लावा म्हणते, लावा. मंडळाचा कार्यक्रम नाई अडला पाह्यजे. पण बाई, माह्या चौकात मले काहून उभं राहू देत नाई, हे तं कोनी सांगा.”

त्यांना एवढंच हवं होतं. चौदा तारखेला त्यांच्या चौकात त्यांचा संच. आणि नाही तर का नाही, ते. मी डायरीत दोन ओळी लिहिल्या आणि आम्ही पोलीस स्टेशनात गेलो.

इथे एक सांगून ठेवते. मी कॅमेऱ्यांच्या विरोधातली नाही. अमरावतीत भाजी घेताना माझी स्कूटी चोरीला गेली होती. ती चौथ्या दिवशी परत मिळाली, चौकातल्या कॅमेऱ्यामुळे. आमच्या कॉलेजात चेहरा दाखवून हजेरी लावायचं यंत्र आलं, तेव्हा प्राध्यापक मंडळी कुरकुरत होती आणि मी ते भिंतीवर कुठल्या उंचीवर लावायचं याचं माप देत होते. यंत्र वाईट नाही. पण त्या यंत्राने मला एक धडा दिला. आमच्या एका शिपायाचे वडील गेले. चौदाव्या दिवशी तो कामावर आला, मुंडण केलेला, मिशी काढलेली. यंत्रापुढे तो तीनदा उभा राहिला आणि यंत्राने तीनदा त्याला ओळखायला नकार दिला. संध्याकाळच्या पत्रकात गैरहजर. दिवसभर माझ्यासमोर फायली उचलणारा माणूस गैरहजर. मी पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘पितृशोकामुळे मुंडण, प्रत्यक्ष हजर’, आणि सही केली. शेऱ्याचा रकाना असल्यामुळे त्याचा दिवस वाचला. कुठल्याही रजिस्टरचा तो सगळ्यात महत्त्वाचा रकाना. बाकीचे रकाने काय झालं ते सांगतात, शेरा का झालं ते सांगतो.

पोलीस स्टेशनातले साहेब तरुण होते, नीट बोलणारे. मी सांगितलं, मीही कार्यालयातच काम करते, तुमचा वेळ घेणार नाही, फक्त नोंद काय आहे ते दाखवा. त्यांनी थोडा विचार केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. फोटो. ठिकाण. तारीख. किती वेळा दिसले त्याचा आकडा. मी नजर उजवीकडे नेली. शेऱ्याचा रकानाच नव्हता. खाली फक्त हवालदारांनी टाकलेली एक ओळ होती: ‘सदर इसमाने याव्यतिरिक्त इतर अनेक ठिकाणी हजर असल्याचे स्वतःहून कबूल केले.’

“कबूल?” बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “कबूल काय त्यात? मी तं सांगत होतो!”

हवालदार तिथेच उभे होते. “काका, कागदात तसंच लिव्हा लागते,” ते ओशाळून म्हणाले.

“साहेब,” मी म्हटलं, “हे सगळीकडे दिसतात कारण सगळीकडे यांचा माइक असतो. हे कुठे लिहिलं आहे?”

“मॅडम, सिस्टिम गुन्हेगार म्हणत नाही. एकच चेहरा वेगवेगळ्या गर्दीत सारखा दिसतो, एवढंच सांगते.”

“मग परवानगी का नाही?”

“खबरदारी म्हणून.”

“खबरदारीचं कारण कुठे लिहिलं आहे?”

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांनाही तो प्रश्न पडलेला आहे आणि उत्तर त्यांच्या पडद्यात नाही. मी तिथेच अर्ज लिहिला, यादीतून नाव काढण्याबद्दल एक आणि परवानगीबद्दल एक, दोन्हींवर आवक क्रमांक घेतला आणि बाहेर पडले. बाबा पायऱ्या उतरताना म्हणाले, “हवालदाराचं अक्षर चांगलं हाय पण.”

पुढच्या रविवारी अकोल्यात याच विषयावर जाहीर चर्चा ठरलेली होती. चेहरा ओळखणारे कॅमेरे हवेत की नकोत. व्यापारी, वकील, शिक्षक अशा काहींनी मिळून ती ठेवली होती. पोलिसांनाही बोलावलं होतं. एका वाचनालयाचं सभागृह घेतलं होतं आणि माइक अर्थातच बाबांचा सांगितला होता. सभागृहाच्या आत परवानगीचा प्रश्न नव्हता.

“बाबा, तुम्ही बोला तिथे,” मी म्हटलं. “तुमच्याइतकं कोणाला कळतं यातलं?”

“माइकवाल्यानं बोलाचं नसते.”

“अहो, तुमच्यावरच आलं आहे.”

“म्हून तं नसते बोलाचं. आज माह्यासाठी बोललो, उद्या लोक म्हणतीन हा कोनाकून हाय. मंग मले बोलावन कोन?”

“मग मी बोलते.”

“बोल. नाव दे. पाच मिनिटं भेटतीन.”

मी नऊ मुद्दे काढले. सोपे आधी, अवघड नंतर, आणि बाबांचं प्रकरण नवव्या क्रमांकावर, म्हणजे लोकांच्या मनात ते राहील. घरी आरशासमोर घड्याळ लावून म्हणून पाहिलं. साडेचार मिनिटं.

सभागृह भरलं होतं. पहिले बोलले ते एक कापड दुकानदार. त्यांच्या दुकानातून गठ्ठा गेला होता आणि कॅमेऱ्याने चोर दाखवला होता. “ज्यानं काई केलं नाई त्यानं चेहरा लपवाचा काहून?” ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग एक बाई उठल्या. त्यांच्या सासूबाईंना काही आठवत नाही. त्या घरातून निघून गेल्या आणि बसस्थानकावरच्या अशाच कॅमेऱ्यामुळे सापडल्या. “मले कायदा नाई समजत,” त्या म्हणाल्या, “मले माही सासू भेटली,” आणि डोळ्याला पदर लावून खाली उतरल्या. वकील साहेब बोलले. कोणत्या कायद्याने हे फोटो काढता, किती दिवस ठेवता, कोण पाहतं, चूक झाली तर दाद कोणाकडे मागायची. सगळे प्रश्न बरोबर होते, पण त्यांचं पाचवं मिनिट संपलं आणि बाबांनी आवाज खाली घेतला. वकील साहेबांचे ओठ थोडा वेळ तसेच हलत राहिले. सभागृह हसलं. एक मुलगी म्हणाली, मी रोज क्लासला जाते, ऑटो स्टँडवर कॅमेरा असला तं मले बरं वाटते. पण त्या पडद्यापुढे कोन बसून मले पाहून राहिला, हे मले कोनीच सांगत नाई. सगळ्या सभेत नेमकं बोललेलं ते एकच वाक्य होतं, असं मला अजून वाटतं.

मग माझं नाव पुकारलं. मी स्कूटीचं सांगितलं. शिपायाचं सांगितलं. लोक ऐकत होते, आणि माणसं ऐकायला लागली की बोलणारा हळू होतो, हे आरशासमोर कळत नाही. शेऱ्याच्या रकान्यावर आले. म्हटलं, यादी करा, पण प्रत्येक नावापुढे कारण लिहा, ते माणसाने लिहावं, खाली त्याची सही असावी. आणि ज्याचं नाव आहे त्याला ते कळवा, म्हणजे त्यालाही त्याचं म्हणणं लिहिता येईल. पाचवा मुद्दा सुरू केला आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मी बाबांकडे पाहिलं. ते मिक्सरकडे पाहत होते.

“बोलू द्या ना ताईले!” मागून कोणी ओरडलं.

बाबांनी मान वर न करता हाताची पाच बोटं दाखवली.

“अरे, याईचीच पोरगी हाय ते!”

“म्हूनच,” दुसरा कोणी म्हणाला आणि हशा झाला.

मला राग आला. खरं सांगते, आला. आयुष्यभर याद्या केल्या आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवायची चूक मी केली होती, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या माणसानेच ती मला दुरुस्त करू दिली नव्हती. खाली येऊन बसले. पण बसल्यावर, राग उतरायच्या आधीच, ऊर भरून आला. स्वतःचा चौक जात होता, समोर स्वतःची मुलगी होती, आणि या माणसाने घड्याळाकडे पाहिलं होतं. त्या सभागृहात त्याच्याइतका निःपक्ष कोणी नव्हता आणि यादीत नाव त्याचंच होतं.

तेवढ्यात मागच्या दारातून चाचा चालत आले. दुकान बंद करून. सूत्रसंचालकांच्या कानात काही बोलले आणि सरळ माइकपाशी गेले. माइकसमोर कसं उभं राहतात हे त्यांना माहीत नव्हतं. जन्मभर माइक उघडून पाहिले, त्यात बोलले कधी नाहीत. बाबा उठले, स्टँड एक वीत खाली केला, टिचकी मारून पाहिली आणि जागेवर गेले.

“मले भाषण येत नाई,” चाचा म्हणाले. “येकच बात सांगतो. हा जो आदमी तिथी बटन फिरवून राहिला, याचा चेहरा त्या यादीत हाय. काहून? तं म्हणे हर गर्दीत दिसते. अरे, आवाजवाला नाई दिसन तं कोन दिसन? तुमी सगळ्याईनं बोलावलं याले. मोर्चा तुमचा, जुलूस तुमचा, भोंगा याचा. आन् नाव याचं! चौदा तारखेले याले याच्या चौकात उभं राहू देऊन नाई राहिले. बस. झालं माहं.”

त्यांना एक मिनिटही लागलं नाही. सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबा खाली वाकून एक पिन तपासायला लागले, जी अगदी ठीक होती.

मग ते कापड दुकानदार उभे राहिले, कॅमेऱ्यांच्या बाजूने बोलले होते तेच. “आमच्या बंदच्या सभेत बाबा होते. आम्ही बोलावलं होतं. लिहून घ्या.” अंगणवाडीतल्या एक बाई म्हणाल्या, आमच्या धरण्याले आम्हीच बोलावलं. जुलुसाच्या कमिटीचे एक बुजुर्ग उठले. गणेश मंडळाचे अध्यक्ष उठले. वकील साहेब म्हणाले, आमच्या मोर्चात होते आणि तिथेही माझा आवाज बंद केला होता. मी डायरीचं कोरं पान काढलं, रेघा मारल्या: कार्यक्रम, कोणी बोलावलं, कशासाठी, सही. पान रांगेतून फिरलं. कॅमेरे हवेत म्हणणाऱ्यांनी सही केली, नकोत म्हणणाऱ्यांनीही केली. ‘कशासाठी’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: माइक.

मी पुष्कळ रजिस्टरं भरली आहेत. इतकं सुंदर पान माझ्या हातून दुसरं झालं नाही.

शेवटी पोलीस स्टेशनचे साहेब बोलायला आले. त्यांनी गोल गोल सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांना मानते. म्हणाले, “नाव यादीतून काढणं माझ्या हातात नाही, ते वरून होईल. तुमचा अर्ज मी शिफारशीसह वर पाठवतो. पण त्या नावापुढे कारण लिहिणं माझ्या हातात आहे, ते उद्या सकाळी होईल. परवानगीही माझ्या हातात आहे.” पुढे ते कॅमेऱ्यांच्या उपयोगाबद्दल बोलले, तेही खोटं नव्हतं. बाबांनी त्यांना पूर्ण पाच मिनिटं दिली आणि मग आवाज खाली घेतला. साहेबांनी माइककडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि ते हसून उतरले.

कॅमेरे हवेत की नकोत, हे त्या दिवशी ठरलं नाही. ठरलं ते एवढंच की कारण लिहिल्याशिवाय कोणाचा चेहरा यादीत ठेवू नये आणि ज्याचा आहे त्याला कळवावं, असं निवेदन सगळ्यांच्या सहीने वर पाठवायचं. निवेदन मी लिहिलं. दोन परिच्छेद, एक पान.

परवानगीचा कागद बारा तारखेला आला. संचचालक म्हणून बाबांचं नाव होतं. कार्यकर्ते तो घेऊन पळत दुकानात आले, तेव्हा बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, आवाजाच्या मर्यादेच्या अटीसकट, आणि चाचांकडे दिला. चाचांनी उलटा-सुलटा करून पाहिला. “फोटो नाई लावला यावर,” ते म्हणाले. “एवढे काढले होते.”

चौदा तारखेला मी सकाळीच चौकात होते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, लहान मुलांच्या हातात निळे झेंडे. खांबावर कॅमेरा होता, त्याच्या बरोबर खाली बाबांचा मिक्सर. जागा दरवर्षीची तीच आहे. खांबच नंतर आला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून वायरी पसरत होते, आणि बंदोबस्तावर तेच हवालदार होते.

“काका, आवाज थोडा कमी.”

“अजून चालूच नाई केला.”

“मी आधीच सांगून राहिलो.”

“मंग चालू झाल्यावर अजून सांगा. माह्यापाशी मोजाचं यंत्र हाय, तुमच्यापाशी हाय का?”

“तुमी ऐकणारच नाई.”

“पन्नास वर्सं झाली, आयकूनच राहिलो.”

दोघे पाच मिनिटं भांडले. मग हवालदारांनी एक बॉक्स धरून सरकवायला हात दिला. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं. संशयित माणसाशी पोलीस असे भांडत नाहीत.

यादीतून नाव काढल्याचं पत्र अजून आलेलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी आवक क्रमांक सांगून फोन करते. तिकडे आता माझा आवाज ओळखतात. परवा सातच्या फोनवर बाबांना सांगितलं, या वेळीही काही हललं नाही. त्यांनी चहाचा घोट घेतल्याचं ऐकू आलं.

“तू फोन करत राह्य,” ते म्हणाले. “मी चौकात जात राह्यतो.”